डार्विन, ऑर्किड आणि मामेबहीण

१८६२ सालचा जानेवारी महिना. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या डाउन या लहानशा गावी, चार्ल्स डार्विनच्या घरी फुलांची एक पेटी येऊन पोहोचली. पाठवणारे होते जेम्स बेटमन, ऑर्किड जोपासण्याचा नाद असलेले एक धनिक. पेटीत इतर फुलांबरोबर एक पांढरंशुभ्र, मेणातून कोरल्यासारखं, चांदणीच्या आकाराचं फूल होतं. मूळचं मादागास्कर बेटावरचं. तिथल्या पूर्वेकडच्या पावसाळी जंगलात झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढणारं. त्याचं शास्त्रीय नाव अँग्रेकम सेस्क्विपेडाले. सेस्क्विपेडाले म्हणजे लॅटिनमध्ये दीड फुटाचं. फुलाच्या पाठीमागे एक हिरवट, बारीक, लांबच लांब नळी लोंबत होती. डार्विनने मोजली तेव्हा ती साडेअकरा इंच भरली. मधुरस होता तो मात्र फक्त तळाच्या दीड इंचात.

झाडावर वाढणारी वनस्पती म्हटली की आपल्याकडे पटकन बांडगूळ आठवतं. पण ही ऑर्किडं बांडगुळं नव्हेत. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस शोषतं. ऑर्किड झाडाचा फक्त आधार घेतं. त्याची जाड, पांढुरकी मुळं पावसाचं पाणी आणि हवेतला ओलावा टिपून घेतात, अन्न ते स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करतं. आंबोलीच्या किंवा कोयनेच्या रानात पावसाळ्याच्या तोंडावर जी आमरी फुलते, तीही याच जीवनपद्धतीची.

असं हे फूल हातात घेऊन डार्विन विचारात पडला. इतक्या खोल ठेवलेल्या मधापर्यंत पोहोचणार कोण? त्याने अंदाज बांधला की मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच लांब सोंडेचा एखादा मोठा पतंग असलाच पाहिजे. असा पतंग तोवर कोणी पाहिलेला नव्हता. ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. पण डार्विन त्या वर्षी ऑर्किडांमागे इतका का लागला होता, यामागचा एक धागा त्याच्या स्वतःच्या घरात होता. तो धागा आपल्याकडच्या कितीतरी घरांतूनही जातो, म्हणून आजचा हा लेख.

शस्त्रक्रियेतून पळालेला मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९चा, श्रूझबरी या गावी. वडील रॉबर्ट डार्विन हे नावाजलेले डॉक्टर, आजोबा इरॅस्मस हेही डॉक्टर. आई सुझाना ही वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध कारखानदार घराण्यातली. चार्ल्स आठ वर्षांचा असताना ती वारली. मुलाने घराण्याचा व्यवसाय चालवावा म्हणून सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला एडिनबरोच्या वैद्यकीय महाविद्यालयात घातलं. तेव्हा क्लोरोफॉर्म यायला अजून वीस वर्षं अवकाश होता. रुग्णाला धरून, बांधून, शुद्धीवर असतानाच शस्त्रक्रिया होत. अशा दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या, त्यांतली एक लहान मुलावरची. दोन्ही पुऱ्या होण्याआधीच तो बाहेर पळाला आणि पुन्हा त्या खोलीत गेला नाही. आमच्या व्यवसायाने एक विद्यार्थी गमावला. जीवशास्त्राने काय कमावलं ते जगाला माहीत आहे.

पुढे केंब्रिज, तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांचा सहवास, त्यांच्याच शिफारशीवरून बीगल जहाजावरची सफर. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघालं आणि जवळजवळ पाच वर्षांनी, २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतलं. १८३२मध्ये ब्राझीलच्या जंगलात त्याने पहिल्यांदा उष्ण प्रदेशातलं अरण्य पाहिलं. एकेका झाडावर नेचे, वेली आणि ऑर्किडांचं अख्खं गाव वसलेलं पाहून तो भारावून गेला होता. अशा वनस्पतींना तेव्हा युरोपातही सरसकट परोपजीवी म्हणत.

परतल्यावर दोन वर्षांनी लग्नाचा विषय निघाला. २९ जानेवारी १८३९ रोजी त्याचं लग्न झालं ते एमा वेजवुड हिच्याशी. एमाचे वडील जोसाया हे चार्ल्सच्या आईचे सख्खे भाऊ. म्हणजे एमा ही त्याची मामेबहीण. मराठी माणसाला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. इतकंच नव्हे, त्याच्या दोन वर्षं आधी चार्ल्सची बहीण कॅरोलाइन हिचं लग्न एमाच्या भावाशी झालेलं होतं. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. त्या काळच्या इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत अशी लग्नं अजिबात निषिद्ध नव्हती. माणसं माहितीची, स्वभाव माहितीचे, मालमत्ता घरातल्या घरात. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८४०मध्ये आपल्या मामेभावाशी लग्न केलं.

संसार सुखाचा होता, यात शंका नाही. एमाने त्याला त्रेचाळीस वर्षं सांभाळलं. सांभाळलं हा शब्द मी विचार करूनच वापरतो आहे.

डाउनचं घर

१८४२मध्ये हे कुटुंब लंडन सोडून डाउनला राहायला गेलं. तोवर डार्विन आजारी राहू लागला होता. छातीत धडधड, पोटदुखी, रात्री-अपरात्री उलट्या, थकवा, इसब. पाहुणे आले आणि तासभर बोलणं झालं की पुढची रात्र वाईट जाई. त्या काळच्या नामांकित डॉक्टरांना निदान झालं नाही. मॉल्व्हर्न या गावी डॉ. जेम्स गली जलचिकित्सा करत. ओल्या चादरी गुंडाळणं, थंड पाण्याचे मारे, पथ्य असा त्यांचा उपचार. १८४९मध्ये डार्विनने तो घेतला आणि काही काळ त्याला बरंही वाटलं. नंतरच्या डॉक्टरांनी या आजाराला अनेक नावं देऊन पाहिली आहेत. दक्षिण अमेरिकेत ढेकणासारखा किडा चावून होणारा चागास रोग, दुधातली साखर न पचणं, वारंवार उलट्यांचा विकार, तीव्र चिंता, असं बरंच काही. रुग्ण समोर नसताना दीडशे वर्षांनी केलेलं निदान हा शेवटी तर्कच असतो.

चार्ल्स आणि एमाला दहा मुलं झाली. तिसरं अपत्य, मेरी, तीन आठवडे जगली. सर्वांत लाडकी अ‍ॅनी १८५१च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची असताना मॉल्व्हर्नला गेली, बहुधा क्षयाने. तिच्या अंथरुणाशी बाप बसून होता. एमा तेव्हा दिवस भरत आलेली असल्याने घरीच होती. सर्वांत धाकटा चार्ल्स वेअरिंग दीड वर्षाचा होऊन २८ जून १८५८ रोजी स्कार्लेट फीव्हरने दगावला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत प्रथमच वाचला गेला. त्या दिवशी डार्विन सभेत नव्हता. तो या मुलाला मूठमाती देत होता.

उरलेल्या मुलांच्याही तब्येतींच्या तक्रारी असत. स्वतःचा आजार मुलांत उतरला आहे, ही भीती डार्विनच्या मनात घर करून बसली. कबुतरं आणि गुरं पैदास करणाऱ्यांशी त्याचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता. जवळच्या रक्तात पैदास करत राहिलं की वाण कमजोर होतं, हे ते सगळे सांगत. आपण तर सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केलं आहे. मग आपल्या मुलांचं काय?

इथे डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. क्षय आणि स्कार्लेट फीव्हर हे जंतूंचे आजार. प्रतिजैविकं नसलेल्या त्या काळात नात्याबाहेर लग्न केलेल्या घरांतलीही मुलं याच आजारांनी जात. धाकटा मुलगा उशिरा बोलू-चालू लागत होता. त्याला डाउन सिंड्रोम असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. तसं असेल तरी त्याचा संबंध नात्यातल्या लग्नाशी जोडता येत नाही. त्याच्या जन्माच्या वेळी एमाचं वय अठ्ठेचाळीस होतं आणि हा दोष आईच्या वाढत्या वयाबरोबर वाढतो. म्हणजे डार्विनची भीती त्याच्या घराबाबत कितपत खरी होती, हे ठामपणे सांगता येत नाही. त्याने विचारलेला प्रश्न मात्र अगदी रास्त होता.

पेन्सिलीच्या टोकावरचे पराग

१८५९च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं जातींच्या उगमावरचं पुस्तक आलं आणि वादळ उठलं. डार्विन वादात पडला नाही. तो घराजवळच्या चुनखडीच्या उतारावर जाऊन रानटी ऑर्किडं पाहू लागला. शास्त्रज्ञ मित्र, बागायतदार, क्यूचं प्रसिद्ध वनस्पती उद्यान, सगळ्यांकडून तो फुलं मागवी. पुढे त्याने घरी एक उबदार काचघरच बांधून घेतलं.

त्याला पडलेलं कोडं असं होतं. बहुतेक ऑर्किडांच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, आणि तेही अगदी शेजारी शेजारी. परागांनी जरासं खाली सरकायचं, की बी धरलं. इतकी सोपी सोय असताना फुलाने रंग, सुगंध, मध, लांब नळ्या असा सगळा खटाटोप करून दूरवरच्या कीटकाला का बोलवावं?

त्याने केलेला एक प्रयोग कोणालाही करता येण्याजोगा आहे. फुलाच्या मधाच्या नळीत त्याने टोकदार पेन्सिल हळूच घातली, जणू ती कीटकाची सोंडच. बाहेर काढली तर तिच्या टोकाला परागांचे दोन छोटे पुंज चिकटून उभे होते. त्यांच्या बुडाशी असलेला डिंक काही क्षणांत घट्ट बसतो. आता खरी गंमत पुढे. उभे असलेले हे पुंज साधारण अर्ध्या मिनिटात आपोआप पुढे झुकतात आणि आडवे होतात. ही पेन्सिल दुसऱ्या फुलात घातली, तर झुकलेले पुंज नेमके त्या फुलाच्या चिकट कुक्षीवर जाऊन टेकतात. झुकण्याआधीच घातली, तर ते पुन्हा परागकोशाच्याच जागी आपटतात आणि उपयोग होत नाही. म्हणजे एका झाडावरून उडून दुसऱ्या झाडापर्यंत पोहोचायला कीटकाला जेवढा वेळ लागावा, तेवढाच वेळ हे पुंज घेतात. आपले पराग आपल्याच कुक्षीवर पडू नयेत, यासाठी केलेली ही तजवीज.

एका जातीच्या ऑर्किडावर येणारे तेवीस प्रकारचे पतंग आणि फुलपाखरं त्याने नोंदवली. सगळ्यांच्या सोंडेला परागपुंज चिकटलेले. एका पतंगाच्या सोंडेवर तर सात जोड्या होत्या. बियांची मोजदादही त्याने सोडली नाही. इंग्लंडातल्या एका साध्या ऑर्किडाच्या एका शेंगेत सुमारे ६,२०० बिया निघाल्या. एका झाडाला तीस शेंगा धरल्या, तर आकडा १,८६,००० च्या वर जातो. उष्ण प्रदेशातल्या काही ऑर्किडांच्या एकाच शेंगेत याहून कितीतरी पट बिया असतात.

मादागास्करचं ते लांब नळीचं फूल याच कामाच्या शेवटच्या टप्प्यात हाती आलं. वेगवेगळ्या जाडीच्या काड्या त्याने नळीत घालून पाहिल्या. बारीक काडीला पराग चिकटत नव्हते. योग्य जाडीची काडी फटीतून पार खोल दाबली, तरच बाहेर येताना ती पराग घेऊन येई. म्हणजे पतंगाने तळाचा शेवटचा थेंब पिण्यासाठी डोकं फुलात घट्ट दाबावं, म्हणून नळी लांब. आणि त्या नळीला पुरावं म्हणून पिढ्यान् पिढ्या पतंगाची सोंडही लांब होत गेलेली. दोघांनी एकमेकांना घडवलेलं. उद्या तो पतंग नाहीसा झाला तर हे फूलही नाहीसं होईल, असंही डार्विनने नोंदवलं.

१८६२च्या मे महिन्यात हे सगळं पुस्तकरूपाने आलं. पुस्तकाचा निष्कर्ष असा की स्वतःच्याच परागांनी वर्षानुवर्षं बी धरत राहणं निसर्गाला मानवत नसावं. आणि अगदी अखेरीस, फुलांवरच्या पुस्तकात कोणी अपेक्षा करणार नाही असा एक विषय त्याने काढला. जवळच्या नात्यातली लग्नंही याच कारणाने कुठेतरी अपायकारक असावीत, असं त्याने सुचवलं. वाचणाऱ्यांत एमाही होती. त्याच उन्हाळ्यात बारा वर्षांच्या लिओनार्डला स्कार्लेट फीव्हर झाला, पाठोपाठ एमालाही. चार वर्षांपूर्वी याच आजाराने धाकटा गेलेला. सुदैवाने या वेळी दोघंही वाचली.

निष्कर्ष काढून डार्विन थांबला नाही, हा त्याचा मोठेपणा. फुलांत अपवादही होते. बी ऑर्किड नावाचं, मधमाशीसारखं दिसणारं एक फूल स्वतःच्याच परागांनी खुशाल बी धरतं, हे त्याने स्वतःच दाखवलं होतं आणि ते त्याला छळत होतं. स्वपरागणाने खरंच नुकसान होतं का, हे मोजल्याशिवाय त्याला चैन पडेना.

कुंडीचे दोन भाग

पुढची अकरा वर्षं त्याने हे मोजलं. वनस्पतींच्या ५७ जाती घेतल्या. प्रत्येक जातीत काही फुलांना त्यांचेच पराग लावले, काहींना दुसऱ्या झाडाचे. दोन्हींच्या बिया एकाच वेळी रुजलेल्या निवडून एकाच कुंडीत समोरासमोरच्या बाजूंना लावल्या, म्हणजे माती, पाणी, ऊन यांत फरक नको. मग उंची, वजन, बियांची संख्या यांच्या नोंदी. आपल्या कुंपणावर चढते तसल्या जांभळ्या मॉर्निंग ग्लोरीच्या तर सलग दहा पिढ्या त्याने वाढवल्या. परपरागणाच्या वेलींची उंची १०० धरली, तर स्वपरागणाच्या वेलींची सरासरी ७७ भरली. सहाव्या पिढीत मात्र स्वपरागणाची एक वेल परपरागणाच्या वेलीलाही मागे टाकून गेली. डार्विनने तिचं नाव ठेवलं ‘हिरो’, आणि न लपवता तिची हकिगत छापली. हे पुस्तक १८७६मध्ये आलं.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. पण मोजणी करता येते. १८७१च्या जनगणनेत आई-वडील एकमेकांची सख्खी चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडं आहेत का, एवढा एक प्रश्न घालावा, अशी विनंती त्याने शेजारी राहणारे खासदार जॉन लबक यांच्यामार्फत केली. पार्लमेंटने ती फेटाळली. लोकांच्या घरात कशाला डोकावायचं, मुलांना आई-बापांविषयी काय वाटेल, असे आक्षेप आले. तेव्हा हे काम त्याच्या मुलाने, गणिती जॉर्जने अंगावर घेतलं. लग्नांच्या छापील नोंदी, पत्रं आणि मनोरुग्णालयांतली माहिती गोळा करून त्याने १८७५मध्ये निबंध वाचला. मनोरुग्णांत नात्यातल्या लग्नांच्या संततीचं प्रमाण बाहेरच्या लोकांपेक्षा ठळकपणे जास्त आढळलं नव्हतं. काही अपाय असावा, पण तो थोडा, आणि चांगल्या परिस्थितीत वाढलेल्या मुलांत बराचसा झाकला जाणारा, असा त्याचा कल होता.

स्वतः जॉर्ज त्याचं उदाहरणच होता. डार्विनची तीन मुलं, जॉर्ज, फ्रान्सिस आणि होरेस, रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. स्कार्लेट फीव्हरमधून वाचलेला लिओनार्ड ९३ वर्षं जगला. दुसरीकडे, लग्न झालेल्या सहा मुलांपैकी तिघांना मूलबाळ झालं नाही.

उत्तरं उशिरा आली

१९ एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने डार्विन गेला. दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याला मिळाली नाहीत. गंमत अशी की ती त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, एका वर्षाच्या अंतराने आली.

१९०२मध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड या लंडनच्या डॉक्टरने अल्काप्टोन्युरिया या दुर्मीळ आजाराविषयी निबंध लिहिला. या आजारात लघवी हवेत ठेवली की काळी पडते. गॅरॉडच्या लक्षात आलं की अशा मुलांचे आई-वडील स्वतः निरोगी असतात, पण ते पुष्कळदा एकमेकांची सख्खी चुलत-मामे-मावस भावंडं निघतात. मेंडेलचे १८६६मध्ये छापलेले आणि डार्विनच्या दृष्टीस न पडलेले नियम १९००मध्ये नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. त्यांनी याचा उलगडा झाला.

तो साधा आहे. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. आपण सगळेच काही बिघडलेल्या प्रती बाळगून असतो. दुसरी प्रत चांगली असते, म्हणून त्रास होत नाही. परक्या घरातल्या जोडीदाराकडे नेमका तोच बिघाड असण्याची शक्यता कमी. पण मामेबहीण आणि आतेभाऊ यांचे एक आजी-आजोबा सामाईक असतात. त्यामुळे त्यांच्या जनुकांचा साधारण आठवा हिस्सा एकसारखा असतो. दोघांकडे तोच बिघाड असेल, तर प्रत्येक गर्भारपणात मुलात दोन्ही प्रती बिघडलेल्या येण्याची शक्यता चारात एक. डार्विनचं ऑर्किड परागपुंज झुकवण्यासाठी अर्धा मिनिट थांबतं, ते हेच टाळण्यासाठी.

आता आपल्या घरचं. दक्षिण भारताप्रमाणेच महाराष्ट्रातही अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला जातो. आमच्या सरकारी रुग्णालयात आजारी बाळ घेऊन आलेल्या आईला नात्यातलं लग्न आहे का, असं विचारलं की ती मान खाली घालते. मान खाली घालण्याचं काहीच कारण नाही. आकडे पाहा. नात्याबाहेरच्या जोडप्यांच्या बाळांत जन्मजात गंभीर दोष किंवा आनुवंशिक आजार साधारण १०० पैकी २ ते ३ जणांत आढळतात. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण ४ ते ६ पर्यंत जातं. धोका जवळपास दुप्पट होतो, आणि तरीही शंभरातली चौऱ्याण्णवहून अधिक मुलं या दोषांपासून मुक्त असतात. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही एकत्र सांगितली पाहिजेत. पिढ्यान् पिढ्या त्याच घरांत लग्नं होत राहिली, तर मात्र धोका आणखी वाढतो.

लग्न अजून ठरायचं असेल, तर आधी दोन्हीकडच्या घरांचा इतिहास मोकळेपणाने बोला. लहानपणी दगावलेली मुलं, जन्मतः बहिरेपणा, वारंवार रक्त भरावं लागणं, न उलगडलेला मतिमंदपणा, यांपैकी काही असेल तर आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्या. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी रक्ताची साधी तपासणी दोघांचीही करून घ्या. विदर्भात आणि आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी तर नातं असो-नसो करावीच. लग्न होऊन गेलं असेल, तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांना नातं सांगा, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू करा, अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, आणि बाळाची ऐकण्याची आणि थायरॉइडची तपासणी जन्मानंतर लगेच करून घ्या. आणि बाळ आजारी निघालंच, तर सुनेला दोष देऊ नका. बिघडलेली एक प्रत आईची असते, तशीच दुसरी बापाची.

राहिला तो पतंग. १९०३मध्ये वॉल्टर रोथ्सचाइल्ड आणि कार्ल जॉर्डन यांनी मादागास्करच्या एका मोठ्या, लांबलचक सोंडेच्या निशाचर पतंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं प्रेडिक्टा, म्हणजे ज्याचं भाकीत केलं होतं तो. तो त्या फुलावर प्रत्यक्ष येताना दिसायला आणखी जवळजवळ नव्वद वर्षं गेली. १९९२मध्ये तशी नोंद झाली.